चिसोमो मॅडमची तीन मिनिटं

चिसोमो कुठेही बोलायला उभी राहिली की पहिलं वाक्य ठरलेलं असे: "ऑल प्रोटोकॉल ऑब्झर्व्ड." आपल्याकडच्या 'व्यासपीठावरील सर्व मान्यवर' या वाक्याचा हा आफ्रिकेतला मावसभाऊ. तिच्या देशात, मलावीत, हे म्हटल्याशिवाय कुठलाही सरकारी माणूस माइकला हात लावत नाही म्हणे. पण चिसोमो ते आमच्या स्वयंपाकघरातही म्हणायची. एकदा तिला फक्त वरच्या बाथरूमचा नळ गळतोय एवढंच सांगायचं होतं. जेवणाच्या टेबलाशी ती उभी राहिली, माझी आई, मी, माझा नवरा संदीप आणि मुलगी ईरा अशा क्रमाने सगळ्यांकडे मान झुकवली, ते वाक्य म्हणाली, या घराने दिलेल्या आश्रयाबद्दल आभार मानले, पाणी हे जीवन असल्याची आठवण करून दिली आणि मग नळावर आली. तोवर वरण गार झालं होतं.

मी अमेरिकेत फिनिक्सजवळच्या एका गावाच्या पाणी खात्यात सॉफ्टवेअरचं काम करते. आम्ही राहतो चँडलरला. कामाच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण अजून तिथेच नोकरी करायची आहे. चिसोमो तिच्याकडे एका जिल्ह्याची पाणी अधिकारी होती. तिशीही उलटलेली नव्हती, आणि जिल्ह्यातले सगळे हातपंप तिच्या अखत्यारीत. पंप बिघडला की गावातल्या बाईने साध्या फोनवरून मेसेज करायचा आणि तो थेट मेकॅनिकला पोहोचायचा, अशी सोय तिने बसवली होती. त्यावरून एका फेलोशिपसाठी तिची निवड झाली आणि काही महिन्यांसाठी तिला आमच्या खात्यात धाडलं. सोबतच्या कागदावर उद्देश होता: नेतृत्व, तंत्रज्ञान आणि शाश्वत विकास. आमचे साहेब डग यांनी तो वाचला आणि मला विचारलं, "मेधा, यातलं आपल्याकडे काय आहे?"

"तंत्रज्ञान आहे," मी म्हटलं.

डग हा घाईचा माणूस. त्याच्या मीटिंगला कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी तो घड्याळाकडे बघतो. पहिल्याच दिवशी चिसोमो कडक इस्त्रीचा कोट आणि त्याखाली पिवळ्या-निळ्या फुलांचं कापड गुंडाळून आली आणि टेबलाभोवती फिरून एकेकाचा हात हातात घेत विचारू लागली. झोप लागली का? घरचे कसे आहेत? आई-वडील? बारा वर्षं शेजारी बसणाऱ्या ब्रायनला तीन मुली आहेत आणि धाकटीला दमा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ती डगपाशी पोहोचली तेव्हा मीटिंगची वेळ संपत आली होती.

"साहेब, तुम्ही कसे आहात?"

"लेट," डग म्हणाला.

हॉटेलात तिला करमेना. "मेधा, तिथे भिंतीसुद्धा बोलत नाहीत," असं म्हणाली, तेव्हा मी तिला आमच्या वरच्या खोलीत आणलं. त्या वेळी माझी आई अमरावतीहून आलेली होती. आईला इंग्रजी येत नाही आणि चिसोमोला मराठी येण्याचं कारण नव्हतं. तरी दोघींचं दुसऱ्या दिवसापासून जुळलं. चिसोमो तिच्या भाषेत वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं 'अगोगो' म्हणायची. आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "ही पोरगी मले 'अगो, अगो' काहून म्हणते व? कोकणातली हाये का?"

मग चिसोमोने मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवला, त्याला ते न्सिमा म्हणतात, आणि तो बोटांनी मळून भाजीत बुडवून खाऊन दाखवला. आईने चव घेतली आणि निकाल दिला, "हे त उकडच हाये. फक्त मीठ विसरली." त्यानंतर आई मराठीत आणि चिसोमो तिच्या चिचेवा भाषेत तासन्‌तास बोलत बसायच्या. काय बोलता म्हणून विचारलं तर आई म्हणायची, "तिच्या ऑफिसातलं राजकारण." आणि चमत्कार म्हणजे ते खरं असायचं.

तिच्यात दोषही भरपूर होते. ती हुकूम सोडायची. संदीपला तिने पाइपने गाडी धुण्यावरून असं झापलं होतं की बिचारा आठवडाभर धुळकट गाडीतून ऑफिसला गेला. ईराला ती रोज विचारायची, "तू मोठी होऊन कुणावर अधिकार गाजवणार आहेस?" ईरा म्हणायची, "दॅट्स सो वियर्ड," आणि तरी संध्याकाळी तिच्याच खोलीत जाऊन अभ्यासाला बसायची. स्वतःबद्दल चिसोमोला शंका अशी नव्हतीच. "मी एक दिवस डायरेक्टर होणार," हे ती आपण 'उद्या मंगळवार' म्हणतो तसं म्हणायची.

आता मुद्द्याचं. मी काही वर्षं खपून खात्यासाठी एक योजना उभी केली होती. घराघरांतल्या नव्या मीटरवरून पाण्याची माहिती येते. एखाद्या घरात पाणी सतत वाहतंय असं दिसलं की माझं सॉफ्टवेअर घरमालकाला ईमेल पाठवतं, की तुमच्याकडे गळती आहे. सॉफ्टवेअर उत्तम चालत होतं. अडचण एवढीच की ते ईमेल कुणी उघडत नव्हतं. लोकांना वाटे, बिल असेल नाहीतर जाहिरात. त्यामुळे कौन्सिलने योजना गुंडाळायचं मनावर घेतलं होतं, आणि योजनेबरोबर माझी नोकरीही गुंडाळली जाणार हे उघड होतं.

"मग त्यांच्या घरी जाऊ या," चिसोमो म्हणाली.

"इथे असं कुणी कुणाच्या घरी जात नाही."

"म्हणूनच ते ईमेल उघडत नाहीत. ईमेल पाठवणाऱ्याला त्यांनी कुठे पाहिलंय?"

म्हणून आम्ही निघालो. ॲरिझोनातला उन्हाळा, गाडीचं स्टिअरिंग तव्यासारखं, आणि आम्ही दोघी पाणी खात्याचे बिल्ले गळ्यात घालून दारोदार. आमच्या भागात दार वाजवणारा माणूस एकतर धर्म विकतो नाहीतर सोलर पॅनेल. पहिल्याच घरी बेलमधल्या कॅमेऱ्यातून आवाज आला, "नो सोलर!"

"मलाही नको," चिसोमो कॅमेऱ्याला म्हणाली. "आपण कसे आहात?"

पलीकडून आधी भुंकणं. मग, "आय हॅव्ह अ डॉग."

"अभिनंदन. कुत्रा कसा आहे?"

संध्याकाळपर्यंत त्या वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमचा फोटो फिरत होता: 'सावधान. दोन संशयास्पद बायका, एक उंच, एक बुटकी. बहुधा गालिचे विकतात.' संशयास्पद म्हटल्याचं मला काही वाटलं नाही. बुटकी मात्र लागलं.

तिसऱ्या का चौथ्या फेरीत वॉल्टरचं घर आलं. वॉल्टर म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर, उंच, वाकलेला, आवाज खरखरीत. त्याने दार बोटभर उघडलं. चिसोमोने विचारलं, "घरचे सगळे कसे आहेत?"

"घरचे नाहीत. मी एकटाच असतो."

"मग तुम्ही कसे आहात?"

वॉल्टर उत्तर देण्याआधी थांबला. बहुतेक माणसं 'फाइन' म्हणून मोकळी होतात. हा खरोखर विचार करत होता. मग त्याने दार पूर्ण उघडलं. त्याच्या बायकोने लावलेलं पपनसासारख्या फळाचं झाड, ग्रेपफ्रूटचं, मागच्या अंगणात होतं, आणि त्याच्या मुळाशी पाइप फुटून कित्येक महिने पाणी झिरपत होतं. झाड पिवळं पडत चाललेलं. वॉल्टरला वाटत होतं की बायको गेली म्हणून झाडही चाललंय. पाइप दुरुस्त करायला फारसा वेळ लागला नाही. आम्हाला निघायला लागला. लिंबूपाणी झालं, फोटो बघून झाले, आणि चिसोमोने झाडासमोर उभं राहून तिच्या आजीचं पेरणीचं गाणंही म्हटलं. त्या संध्याकाळी ग्रुपवर वॉल्टरने लिहिलं, 'त्या पाणी खात्याच्या आहेत. दार उघडा, मूर्खांनो.'

त्यानंतर दारं उघडू लागली.

कौन्सिलची बैठक आली. तिथे नाव नोंदवून कुणाही माणसाला बोलता येतं, पण तीन मिनिटं. समोर दिवा असतो: हिरवा, पिवळा, लाल. लाल झाला की माइक बंद. मी चिसोमोला आठवडाभर बजावलं होतं, "सरळ मुद्दा. प्रोटोकॉल नाही." ती म्हणाली, "अर्थातच."

हिरवा दिवा लागला. चिसोमोने कोट सारखा केला.

"माननीय महापौर, माननीय उपमहापौर, कौन्सिलचे माननीय सदस्य, माननीय वकीलसाहेब, पाणी खात्याचे माझे वडील डगसाहेब..."

डगने चेहरा हातात लपवला. पिवळा लागला तेव्हा ती दारावरच्या पोलिसापर्यंत पोहोचली होती. "...आणि दिवा लावणाऱ्या या माननीय ताई. ऑल प्रोटोकॉल ऑब्झर्व्ड. आता मी मुद्द्याकडे वळते."

लाल.

माइक बंद. तिचे ओठ हलत राहिले. महापौरांनी थँक यू म्हटलं. मला हसावं, रडावं की तिचा गळा धरावा ते कळेना. माझी कित्येक वर्षांची मेहनत एका पोलिसाला नमस्कार करण्यात गेली होती.

तेवढ्यात मागून खरखरीत आवाज आला. वॉल्टर उभा होता. "माझंही नाव आहे यादीत. मी माझी तीन मिनिटं तिला देतो." असं चालतं का, यावर वकीलसाहेबांनी पानं उलटली. चालतं. मग कॅमेऱ्यातला तो कुत्रेवाला उठला, "माझीही." एक बाई उठल्या, "माझीपण घ्या. आणि प्लीज, आता पोलिसाचं नाव नको."

सगळं सभागृह हसलं. चिसोमोही हसली, आणि मग ती खरंच बोलली.

"आमच्याकडे पंप बंद पडला की तासाभरात अख्ख्या गावाला कळतं," ती म्हणाली, "कारण बायकांना घागर घेऊन दुसऱ्या गावी चालावं लागतं. माझी आई चालली आहे. मी चालले आहे. तुमच्याकडे पाइप फुटला तरी नळाला पाणी येतच राहतं. म्हणून गेलेलं पाणी कुणाला दिसत नाही. मेधाच्या यंत्राला ते दिसतं. फक्त यंत्राला दार वाजवता येत नाही. तेवढं तुम्ही करा." आणि ती खाली बसली. मिळालेल्या वेळातला बराचसा तिने वापरलाच नाही.

योजना आणखी वर्षभर चालू ठेवायची ठरली, एका अटीवर: ईमेलच्या आधी खात्यातल्या माणसाने स्वतः फोन करायचा. दुसऱ्या दिवसापासून डगच्या खोलीतून त्याचा सराव ऐकू येऊ लागला. "हॅलो. हाऊ आर यू? नो, आय मीन... हाऊ आर यू, रिअली?"

मग मीटर विकणाऱ्या एका कंपनीने चिसोमोला नोकरी देऊ केली. आमच्या घरी शनिवारी जमणाऱ्या मंडळींत आनंदीआनंद. उपाध्ये काकांनी व्हिसा, ग्रीन कार्ड, घराचं कर्ज असा तिच्या पुढच्या आयुष्याचा नकाशाच काढला. "ॲक्सेप्ट करून टाक," ते म्हणाले, "असा चान्स परत येत नाही."

"काका," चिसोमो म्हणाली, "इथे मी पुष्कळ काम केलं तर काय होईन?"

"सीनियर मॅनेजर!"

"तिकडे मी आत्ताच मॅडम आहे. गाडीतून उतरले की मुख्याध्यापक टाय नीट करतात. मला डायरेक्टर व्हायचंय. माझ्या देशाला माझी गरज आहे हे खरंच आहे, पण मला त्या खुर्चीची जास्त आहे."

काकांनी आपला नकाशा गुंडाळला. आईला मी भाषांतर करून सांगितलं, तर तिने टाळी वाजवली. "खरं बोलते बाप्पा पोरगी."

विमानतळावर तिची बॅग वजनात बसेना. तिने दोन बुटांचे जोड आणि फेलोशिपची सगळी पुस्तकं काढून माझ्या हातात दिली; आईने दिलेलं भिवापुरी मिरचीचं तिखट मात्र ठेवलं. आईला तिने गुडघे टेकून नमस्कार केला. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि पहिल्यांदाच दोघी काही बोलल्या नाहीत.

ती परतल्यावर डायरेक्टरची खुर्ची दुसऱ्यालाच मिळाली. चिसोमोची बदली झाली डोंगरातल्या एका जिल्ह्यात. मी धास्तावून फोन केला.

"रडले," ती म्हणाली. "मग कंटाळा आला."

"आणि काम?"

"इथे नेटवर्कच नाही, मेधा. आत्ता मी एका टेकडीवर चढून बोलतेय. माझं सगळं तंत्रज्ञान झोपलं. मग मी शाळांच्या घंटा ताब्यात घेतल्या. पंप बिघडला की त्या गावाने अवेळी घंटा वाजवायची, ती ऐकून पुढच्या गावाने, असं करत खाली मेकॅनिकपर्यंत. पहिला महिना पोरांनी उगाचच वाजवली. मेकॅनिक सायकल हाणत वर यायचा, पंप ठणठणीत. त्याने मला ज्या शिव्या दिल्या, त्यात प्रोटोकॉल नव्हता."

"आणि आता?"

"आता वाजली की तो येतो, आणि पाणीही येतं. आणि ज्याला त्या खुर्चीवर बसवलंय ना, त्याची निवृत्ती जवळ आली आहे. मी बघून ठेवलंय."

परवा उपाध्ये काकांनी ईराला विचारलं, कॉलेजात काय घेणार, कंप्यूटर सायन्सच ना? ईरा म्हणाली, "नो काका. सिव्हिल. देन आय वाँट टू वर्क फॉर द गव्हर्नमेंट. वॉटर." काकांनी संदीपच्या खांद्यावर हात ठेवला, घरात काही वाईट घडल्यावर ठेवतात तसा. "लहान आहे अजून, बदलेल," ते हळूच म्हणाले. पाटबंधारे खात्याच्या परीक्षेत नापास होऊन अमेरिकेला आलेला संदीप मात्र लेकीकडे जरा दबकून बघत होता.

रात्रीच्या जेवणानंतर अमरावतीला व्हिडिओ कॉल लावला. बातमी ऐकून आईने आधी पेन्शन आहे का विचारलं. आहे म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

"आजी," ईरा फोन ओढून घेत म्हणाली, "आय वाँट टू बी द बॉस."

"काय म्हणते?" आईने मला विचारलं.

"साहेब व्हायचंय म्हणते."

आईने चष्मा पुसला आणि फोन अगदी जवळ धरला, इतका की पडद्यावर नुसतं कपाळ दिसू लागलं.

"मंग हो म्हणावं," ती म्हणाली. "पण लवकर हो म्हणावं. मले पाहाचं हाये."