जावेच्या हृदयातली गाठ

पाटोद्यात खाली आमचं किराणा दुकान आणि वर घर. घरात मी थोरली सून, जाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी. गेल्या वर्षी तिचं सुरू झालं. केर काढायला वाकली की चक्कर, डाव्या कुशीवर झोपली की दम, मधूनच बारीक ताप. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून गोळ्या दिल्या. मला तेवढं पुरलं. "काम म्हणलं की हिला चक्कर येती," असं मी शेजारणींना सांगायचे, तेही आत तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. बायका हसायच्या आणि मला बरं वाटायचं. हे लिहितानाही कान तापतात.

त्या दिवशी दुपारी पाहुणे जेवायला होते. जाऊ भाकरी थापत होती. थापता थापता तिचा उजवा हात थांबला आणि ती भिंतीला टेकली.

"झालं का सुरू? पाव्हणे येऊन बसलेत अन् तुला आत्ताच बसायचंय?" मी म्हणाले.

ती काहीतरी बोबडं बोलली. मला वाटलं, रुसून पुटपुटतेय. मी परात ओढली, उरलेल्या भाकरी केल्या, पाहुण्यांना वाढलं. ती तिथंच, भिंतीशी.

पाहुण्यांना पोचवून दीर आत आला आणि ओरडलाच, "वहिनी, हिचं तोंड वाकडं झालंय!"

बीडला नेलं, तिथून संभाजीनगरला. अर्धांगाचा झटका होता. वय कमी, बीपी नाही, शुगर नाही, म्हणून डॉक्टरांनी हृदयाची इको तपासणी केली. पडद्यावर डाव्या कप्प्यात एक गाठ दिसली, ठोक्यागणिक डुलणारी.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले, "पण हिचाच तुकडा सुटून मेंदूत अडकला. आधी दम, चक्कर असं काही होत होतं?"

दीर माझ्याकडे बघू लागला. मी म्हणाले, "होत होतं."

"आणि झटका आल्यावर किती वेळानं दवाखान्यात नेलंत?"

"लगेच," मी म्हणाले.

छाती उघडून गाठ काढली. दोनेक महिन्यांत ती चालायला लागली, बोलणंही बरंचसं परत आलं. उजव्या हाताची बोटं मात्र अजून नीट मिटत नाहीत, म्हणून तिची वेणी मी घालते. एकदा वेणी घालतानाच माझ्या तोंडून निघालं, "मी डॉक्टरांना खोटं बोलले. तू अर्धा तास तशीच बसून होतीस."

"अर्धा न्हाई, ताई. पाव्हण्यांचं जेवण झालं, तुमी त्यांना सुपारी बी दिली. मला समदं कळत होतं. बोलताच येत नव्हतं."

"मग बोलता यायला लागल्यावर घरात कुणाला कावून न्हाई सांगितलंस?"

ती म्हणाली, "वेणी जरा सैल घाला. वढ बसती."

मी वेणी सोडली आणि पुन्हा घातली. संध्याकाळी दिराला सगळं खरं सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो.