भावजींच्या गाळलेल्या ओळी

९ ऑक्टोबर. सकाळी साडेनऊला धाकटे भावजी आले, बगलेत वही. चहा दोनदा. माळ्यावरून १९७१ ते १९८८ च्या डायऱ्या काढल्या. त्यांना हवे होते ते एकाही डायरीत नाही.

एवढ्यावर थांबवत नाही. जरा सविस्तर लिहिते.

ह्यांचे साप्ताहिक होते तेव्हा शेवटच्या पानावरच्या छोट्या जाहिराती भावजी लिहीत. काउंटरवर माणूस आपली अडचण सांगे, भावजी तिचा मजकूर करून देत, आणि प्रूफ तपासायला माझ्याकडे येई. भाड्याच्या घराची जाहिरात असली, तर ‘घर हवेशीर आहे, मालक वरच्या मजल्यावर राहतात एवढाच दोष’. इस्त्रीवाल्याने जागा बदलली, तर ‘जुनी घडी विस्कटली, इस्त्री मात्र तीच’. हरवलेला पोपट नाव मालकाचे सांगतो, शिव्या मात्र मालकीणबाईंच्या देतो. असले काही दिसले की मी लाल शाईने काट मारत असे. कॉन्व्हेंटमध्ये, सिस्टरांच्या शाळेत, माझ्या निबंधांवर ‘नीटनेटके’ असा शेरा असायचा. वात्रटपणाला तिथे जागा नव्हती, तशी छापील कागदावरही नसावी असे माझे मत. ह्यांनी त्यात कधी तोंड घातले नाही. पुढे पुढे भावजींचा मजकूर सरळ येऊ लागला. मला वाटले, सुधारले.

आता एक्याऐंशीव्या वर्षी त्यांना त्या जाहिरातींचे छोटे पुस्तक काढायचे होते. परवा छापखान्यात द्यायचे ठरले होते. वहीत एक्केचाळीस कात्रणे चिकटवलेली, आणि प्रत्येकाखाली गाळलेल्या ओळीपुरती जागा मोकळी.

“तुमच्या डायरीत असणारच,” ते म्हणाले. “दूध नासल्याची तारीख लिहून ठेवणाऱ्या तुम्ही. माझ्या ओळी सोडताय होय!”

मी एकेक पान वाचून दाखवू लागले. ‘भावजींची एक ओळ गाळली.’ ‘दोन गाळल्या.’ ‘आज पुन्हा चावटपणा. गाळला.’ तारीख होती, अंकाचा क्रमांक होता. ओळ कुठेच नव्हती.

“वा वहिनी! खुनाची तारीख आहे, प्रेताचा पत्ता नाही.” ते खो खो हसले. मला हसता येईना.

“घर, इस्त्री आणि पोपट, तीन आठवतात मला,” मी म्हणाले.

“त्या मलाही आठवतात हो. बाकीच्या अडतीस?”

“नाही आठवत. पण भावजी, मला हसू यायचं. तोंडाला पदर लावून हसायचे, आणि मग काट मारायचे.”

त्यांनी वही मिटली.

“हे तेव्हा सांगायचं होतं ना,” ते म्हणाले. “मला वाटलं, आपल्याला जमतच नाही. वहिनींसारख्या वाचणाऱ्या बाईला एकही आवडत नाही म्हणजे काय? म्हणून तर सोडलं मी.”

तुम्ही विचारायचं होतं, असे जिभेवर आले होते. गिळले. विचारायला ते माझ्या समोर कधी बसले होते? प्रूफ शिपायाच्या हातून यायचे आणि त्याच्याच हातून जायचे.

“मोकळ्या जागेत नव्या लिहा की,” मी म्हटले. “अजूनही सुचेल तुम्हाला.”

“आता कुठलं सुचतंय! चांगलं वळण लावलंत तुम्ही मला.” हे ते हसत म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. “आणि तीन ओळींचं पुस्तक होत नाही, वहिनी. छापखान्याला नको म्हणून कळवतो.”

वही दोन दिवस ठेवून जा म्हटले. नको म्हणाले. जिना उतरताना कठड्याला धरून उतरले.

ते गेल्यावर त्या तीन ओळी आजच्या तारखेखाली लिहून ठेवल्या. चौथी आठवते का, हे दुपारभर बघितले. नाही आठवली.

संध्याकाळी गॅसचा सिलिंडर बदलला.