आधी गुरांना गाड्या

हुपरीच्या एसटीत शेजारी बसलेली पोरगी शेंगा सोलत होती आणि तोंडात टाकायला विसरत होती. सगळं लक्ष मोबाइलमधल्या थरथरत्या रेघेवर. विचारलं तर म्हणाली, परदेशातल्या एका जागत्या ज्वालामुखीवर नजर ठेवायची तिची नोकरी आहे. आज डोंगर जास्त हादरत होता, आणि पायथ्याचं गाव जागचं हलत नव्हतं.

"मागं गाव उठवलं, तवा डोंगर गप बसला. आता आमचं ऐकत न्हाईत. म्हणून आज आधी गुरांस्नी गाड्या धाडायला लावल्या. महापुरात म्हशी सोडून आमची आज्जी तरी कुठं हलली हुती?"

कोल्हापूर यायच्या आत तिला फोन आला. गुरांच्या मागोमाग सगळं गाव निघालं होतं.

मी म्हातारीनं विचारलं, "आणि डोंगर आजबी गप बसला तर गं?"

"बसू दे की, आज्जी," ती आरामात म्हणाली. "मला शिव्या घालाय माणसं तर ऱ्हातील."