वाढदिवसाच्या चित्रात आमचं घर

ये, अशी इकडे सरक बघू. दारातच कसली उभी राहतेस, कुरियर द्यायला आल्यासारखी? धायरी म्हणजे काय परदेश आहे का गं? स्वारगेटला बस बदलली की आलीच नारायण पेठ. पण नाही. फोनवर ‘मावशी, या रविवारी नक्की’ म्हणायचं आणि तो रविवार काही उजाडायचा नाही. बहिणीची मुलगी म्हणून बोलत नाही जास्त. आता आलीच आहेस आणि बाहेरच्या भिंतीवरचं ते विटलेलं चित्र कोणी काढलं म्हणून विचारतेस, तर नीट मांडी घालून बस. ते एका वाक्यात सांगायचं प्रकरण नाही.

तेव्हा तू कॉलेजात होतीस. हिंजवडीला काचेच्या इमारती उठत होत्या, आणि ज्याच्या-त्याच्या घरचं कोणीतरी कॉम्प्युटरचा क्लास लावत होतं. त्याच सुमाराला कोणाच्या तरी डोक्यात आलं की शहराचा वाढदिवस करायचा. आता शहराची जन्मतारीख कोणी पाहिली? तुझे काका म्हणाले, “माझ्या जन्माची नोंद सापडत नाही कचेरीत, शहराची बरी सापडली.” पण ठरलं. चौकाचौकात ढोल, लेझीम, बायकांच्या रांगोळ्या, खाण्याचे स्टॉल, आणि निवडक भिंतींवर चित्रं. रंगाचा खर्च एका कॉम्प्युटर कंपनीचा, देखरेख महापालिकेची.

निवडक भिंतींत आमची भिंत.

हे कळल्यावर मी आधी बाहेर जाऊन भिंत तपासून आले. का, ते सांगते. आमच्या या इमारतीला पूर्वी रस्त्याच्या बाजूला छान दगडी ओटा होता. दुपारी तिथे बसून मी भाजी निवडायची. एके दिवशी टेप घेऊन माणसं आली, भिंतीवर लाल रंगाने रेघ मारली, रेघेपाशी आकडा लिहिला आणि गेली. विचारलं तर म्हणाली, काही नाही, नुसती पाहणी. पुढच्या उन्हाळ्यात ओटा गेला. रस्तारुंदी. तेव्हापासून रस्ता आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला येऊन टेकला आहे. आता पुन्हा कोणी पुढे सरकलं तर माझी चूलच जाणार. आणि आम्ही भाडेकरू. मालक परदेशात. त्याला ही इमारत पाडून उंच बांधायची होती, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. चित्राला परवानगी त्यानेच दिली, तीही फोनवरून आणि हसतहसत. वर्षानुवर्षं गळक्या छपराबद्दल ज्याचा फोन लागत नव्हता, त्याचा चित्रासाठी बरा लागला.

चित्र काढायला एक मुलगी आली. चित्रकलेच्या कॉलेजातली, सांगलीकडची, बारकीशी, खांद्याला झोळी. सकाळीच आली आणि काय केलं? सुतळी गेरूत बुडवली, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली आणि टप्पकन मारली. लाल रेघ. मग दुसरी. मग उभ्या. भिंतभर चौकटी करून प्रत्येक चौकटीत आकडा लिहिला आणि ही जेवायला निघून गेली.

मी खिडकीतून बघत होते. वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणायचो. त्या खाली आल्या, भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, “मागच्या खेपेला एक रेघ होती. या खेपेला सगळी भिंतच आहे.”

आणखी काय बोलायचं होतं? दुपारची वेळ, दुकानांची फळकुटं लागलेली, अख्खी पेठ घोरतेय. मी बादली घेतली, त्यांनी खराटा घेतला. दोघींनी मिळून भिंत अशी घासली की वर्षानुवर्षांची काजळीसुद्धा गेली.

मुलगी परत आली आणि बघतच राहिली. विचारलं, “काकू, रेघा कोणी पुसल्या?”

तुझे काका खिडकीत पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, “पाऊस येऊन गेला.”

एप्रिल महिना. रस्त्यावर डांबर चिकटत होतं. तिने आभाळाकडे पाहिलं, मग आमच्या ओल्या पदरांकडे, आणि पायरीवर बसली. मी पाणी दिलं. दिलं म्हणजे काय, पाणी कोणालाही द्यायचं, विश्वास वेगळा. मग मास्तरीणबाईंनी वर्गात उभं केल्यासारखी तिची उलटतपासणी घेतली. कोणी पाठवलं, आकडे कशाचे, मालकाला भेटलीस का. तिने झोळीतून एक कागद काढला. त्यावर लहान चित्र, त्या चित्रावरही तशाच चौकटी, तेच आकडे. म्हणाली, लहान चित्र मोठ्या भिंतीवर नेताना असंच नेतात, एकेक चौकट उचलून. मला ते समजलं गं. ठिपक्यांची रांगोळी काय वेगळी असते? पण समजणं निराळं आणि खरं मानणं निराळं. काका म्हणाले, “कागद दाखवतातच. मागच्या वेळीही नकाशा दाखवला होता. त्यातही झाडं काढली होती.”

शेवटी मी तोडगा काढला. गेरू नको, पांढऱ्या खडूने रेघा मार. आणि आकडे मुळीच नकोत. आमच्या भिंतीवर आकडा लिहायचा नाही. मग ओळखू कशा चौकटी, म्हणाली. समोर माझी भाजीची पिशवी होती. म्हटलं, भाज्या काढ. तिला वाटलं मी थट्टा करतेय, पण काढल्या तिने. एका चौकटीत वांगं, एकीत दोडका, एकीत मुळा. भाज्या संपल्यावर भांडी घेतली, झारा, उलथनं. पुढे पुढे ती कामाला आली की आत डोकावून सांगायची, “काकू, आज भोपळ्यापर्यंत उरकते.” मी चहा द्यायची आणि लक्षही ठेवायची. दुपारी झोपणं बंद केलं मी त्या दिवसांत. मास्तरीणबाई सकाळी, मी दुपारी, अशा आमच्या पाळ्या.

चित्र चढत गेलं. डावीकडे जुनं गाव, नदी, देवळांचे कळस. मधे सायकलींचा लोंढा. उजवीकडे उद्याचं शहर: कंपनीची काचेची इमारत, आणि तिच्याकडे जाणारा रुंद, स्वच्छ रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं. मी एका दुपारी ताटली विसळता विसळता बाहेर आले आणि तो रस्ता निरखला. कोपऱ्यावरचं मारुतीचं देऊळ ओळखू आलं. समोरचं वह्यांचं दुकान ओळखू आलं. म्हणजे ही आमचीच गल्ली. आणि आमची इमारत असायला हवी तिथे झाडं. छान, हिरवीगार, गोल झाडं.

मी ताटली पायरीवर ठेवली. तिला विचारलं, “यात आमचं घर कुठाय?”

ती गडबडली. म्हणाली, हा काही नकाशा नाही, कल्पना आहे, आणि कच्चं चित्र तिला कंपनीच्या ऑफिसातून मिळालं होतं.

“अगं, घर आधी कल्पनेतच पाडतात,” मी म्हटलं. “रस्त्यावरचं नंतर.”

घर काढ म्हणून सांगितलं. ती म्हणाली, मंजूर चित्रात बदल करता येत नाही. मी त्या दिवशी तिला चहाच दिला नाही. तिलाही ते कळलं असणार, कारण जाताना तिने भोपळ्याचं का कशाचं काही सांगितलं नाही.

वाढदिवसाचा दिवस आला. सकाळपासून चौकात ढोल. आम्हा बायकांना निरोप होता, नऊवारी नेसून भिंतीसमोर उभं राहायचं, फोटो निघणार. मला तिथेच संशय आला. आज फोटो काढतील आणि उद्या म्हणतील, रहिवासी स्वतः हजर होते, नटून आले होते. काका म्हणाले, “जा, पण हसू नकोस. संमती धरतील.” म्हणून बघ, त्या फोटोत सगळ्या बायका दात दाखवताहेत आणि मी आणि मास्तरीणबाई, दोघीच दाढ दुखल्यासारख्या उभ्या आहोत.

आदल्या संध्याकाळपासून भिंतीवर पडदा होता, तो सरकला. टाळ्या. महापालिकेचे एक साहेब भिंतीजवळ गेले, चष्मा वर-खाली करून बघू लागले आणि उजवीकडे थांबले. झाडांमध्ये एक इमारत उभी होती. आमची. वाकडा पन्हळ, काकांची खिडकी, खिडकीत पेपर. रंग अजून ओला होता.

साहेबांनी मुलीला जवळ बोलावलं. “हे मंजूर डिझाइनमध्ये नव्हतं.”

ती म्हणाली, “सर, तिथे भिंतीला ओल होती. डाग दिसत होता, म्हणून झाकला.”

मला आजतागायत उलगडलं नाही गं, तिने आमच्यासाठी केलं की खरंच डाग झाकला. ओल तर होतीच तिथे, मोरीची. मास्तरीणबाई म्हणायच्या, मुलगी गुणी. मी म्हणते, असेल. पण साहेब समोर होते आणि अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती, म्हणून मी पुढे झाले आणि विचारलं, “साहेब, चित्रात आलं घर. पण जागेवर राहणार ना?”

ते हसले. म्हणाले, “मावशी, आज वाढदिवस आहे. आज असले प्रश्न नको.”

झालं. ना हो, ना नाही. लाडूची पुडी हातात देऊन मंडळी पुढच्या चौकात गेली.

मग काय, त्या उत्तरावरच इतकी वर्षं काढली. मुलगी पुन्हा दिसली नाही. मास्तरीणबाई लेकाकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या. कंपनीचं नाव चित्रावरून पहिलं उडालं, स्वस्तातला रंग असणार. मालकाचा फोन दर दिवाळीला येतो, तब्येत विचारतो. फार आपुलकीने विचारतो. काका मुद्दाम खणखणीत आवाजात सांगतात, एकदम ठणठणीत. घर उभं आहे ते चित्रामुळे नाही, एवढं मला कळतं. कुठेतरी कागद अडला असेल इतकंच. आणि अडलेला कागद काही सांगून सुटत नाही. मागच्या महिन्यात तिकाटण्यावर यंत्र लावून दोघं जण रस्त्यात उभे होते. विचारलं, तर म्हणे, काही नाही, पाहणी.

म्हणून म्हणते, दिवाळीची वाट बघू नकोस. पुढच्या रविवारीच ये, लेकीलाही आण, आणि उजेडात ये म्हणजे तिला चित्र दाखवता येईल. चूल जागेवर आहे तोवर तिथे बसून गरम पोळी खाऊन जा दोघी. येशील ना गं?