दाढेचं तिसरं मूळ

जत्रेतल्या कुस्त्या माईकवरून पुकारणं हा माझा धंदा. दोन मिनिटांत चीतपट झालेल्या कुस्तीचं मी महायुद्ध करतो आणि लंगोट नीट कसता न येणाऱ्या पोराला वाघाचा छावा. लोक मला बोलावतात ते याचसाठी. पण याच धंद्यानं माझा घात केला, आणि त्याचा राग मी अजून गिळलेला नाही. गिळायचा तर आधी चावावा लागला असता, आणि चावण्याचीच तर सगळी बोंब होती.

सोयगावकडच्या एका जत्रेत शेवटची कुस्ती रंगात आलेली असताना डावीकडच्या खालच्या दाढेत अशी कळ उठली की माझी आरोळी अजिंठ्याच्या लेण्यांत घुमून परत आली. लोकांना वाटलं, काय पुकारतोय गडी! टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. मी गाल धरून मातीत बसलो.

आमचा दातांचा डॉक्टर शहरात, औरंगपुऱ्यात. वयानं माझ्याहून लहान. त्याच्या लग्नात माईक माझ्याच हातात होता. वरातीत शंभर-दीडशे माणूस होतं आणि मी सांगत होतो, अख्खं शहर रस्त्यावर उतरलंय. त्या दिवशी तो खूश झाला होता. त्याच दिवशी त्यानं मनात पक्कं केलं असणार की ह्या माणसाच्या बोलण्यातून बारा आणे वजा करायचे.

त्यानं रूट कॅनाल केलं. नस काढली, मुळं साफ करून भरली, वर कॅप बसवली. तरी कळा थांबेनात. मी पुन्हा त्याच्या खुर्चीत.

"डॉक्टरसाहेब, जबड्यावरून ट्रॅक्टर चाललाय. ट्रॉलीसकट."

"ट्रॉली रिकामी की भरलेली?"

"उसानं भरलेली."

"काका, मागच्या वेळी रोड रोलर होता. म्हणजे उतार पडलाय की!"

असा हसला, असा हसला की मलाही कसनुसं हसावं लागलं. मग त्यानं एक्स-रे उजेडात धरला. "हे बघा. दोन मुळं. दोन्ही टोकापर्यंत भरलेली. आत नसच राहिली नाही तर दुखणार काय? तुमच्या डोक्यात बसलंय ते."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती लासूर स्टेशनची, तिचं बोलणं सरळ. "तुम्हाला साधी शिंक आली तरी तुम्ही गाव गोळा करता. कोण खरं मानंल? आन् डॉक्टर कामून खोटं बोलंल?"

"मग मी खोटं बोलायलोय व्हय?"

"तसं नाय. पण लई बोलायलात."

चेष्टेची गोष्ट नव्हती ती. उजवीकडची तीच दाढ काही वर्षांपूर्वी अशीच ठणकून ठणकून दुसऱ्या एका दवाखान्यात गेलेली. आता ही गेली की दोन्हीकडून खिंडार. ज्वारीची भाकरी दुधात कालवून खायची, लेकरासारखी. मी, ज्यानं हुरड्याच्या पार्ट्यांत भल्याभल्यांना हात टेकायला लावले! ती दाढ मला हवी होती. बस्स.

आणि डॉक्टर काय म्हणतो? "काढूनच टाकू काका. तुमची कटकट मिटेल. माझीपण."

माझीपण! त्या एका शब्दानं माझं टाळकं असं सटकलं की त्याच्या टेबलावरचा प्लास्टिकचा जबडासुद्धा घाबरून मिटला. काढायचीच तर ह्याच्या हातानं नाही, असं ठरवून मी शहराबाहेरच्या एका दातांच्या कॉलेजात गेलो.

तिथल्या मॅडमनी केसपेपरातून वर न बघताच विचारलं, "रूट कॅनाल झालंय? तरी दुखतं? काढायला आलात?"

"मॅडम, ह्या दाढेनं मला—"

"ते नंतर. आधी मशीनमध्ये."

नंतर कळलं, त्यांचा वेगळ्याच घडणीच्या दाढांवर अभ्यास चालला होता. रूट कॅनाल होऊनही दुखणारी दाढ काढायला आली की काढण्याआधी तिचा सगळ्या बाजूंनी फोटो घ्यायचा, हा त्या अभ्यासाचा नियम. म्हणजे माझं ऐकून नाही, नियमात बसलो म्हणून मला मशीनला जुंपलं. हनुवटी टेकवायची, दातांत कांडी धरायची, आणि मशीनचा हात डोक्याभोवती गिरकी घेतो. हलायचं नाही, बोलायचं नाही. एवढा गप्प मी फक्त जन्माच्या आधी असेन.

पडद्यावर माझ्या जबड्याच्या काकडीसारख्या चकत्या दिसू लागल्या. मॅडम एकेक चकती सरकवत होत्या. एका ठिकाणी थबकल्या.

"अरे, या रे सगळे!"

विद्यार्थ्यांचा घोळका माझ्या डोक्यावरून वाकला. "बघा, तिसरं मूळ. जिभेच्या बाजूला, गळासारखं वाकलेलं. ह्याला कुणी हातच लावलेला नाही. खाली पू झालाय. किती सुंदर आहे!"

सुंदर! इतके महिने मी रात्रंदिवस कण्हतोय आणि ह्यांना ते सुंदर!

"मग आधीच्या फोटोत का नाही दिसलं?" मी विचारलं.

"समोरून घेतला ना. ते दुसऱ्या मुळाच्या मागं लपतं. एक्स-रेची नळी जराशी तिरपी धरून आणखी एक फोटो काढला असता तरी संशय आला असता."

जराशी तिरपी! आखाड्यात दोन पैलवान एकामागं एक उभे राहिले तर समोरच्याला एकच दिसतो. म्हणून मी एकाचंच नाव पुकारतो का? मान वाकडी करून बघतो. तेवढी मान एका माणसाला वाकडी करवली नाही, आणि डोक्यात बसलंय म्हणे माझ्या!

मॅडमनी चित्र उजवीकडं सरकवलं. "इथली दाढ कुणी काढली? मुळाचा तुकडा आत राहिलाय. बहुतेक हिलाही तिसरं होतं."

म्हणजे तीही तशीच गेली. माझ्या कानांतून वाफ निघाली. तेवढ्यात एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, काढल्यावर आपल्याला मिळेल ना? मूळ अख्खं पाहिजे."

"दाढ हाय ती माझी, चिंचोका नाय!" मी खुर्चीतूनच ओरडलो. बाहेर बाकावर बसलेले अर्धे पेशंट त्या आवाजानं बरे होऊन घरी गेले म्हणतात. "मॅडम, काढायची नाय. ते तिसरं साफ करा."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "काका, फार वाकडं आहे. सुई आत तुटू शकते. तुटली तर काढावीच लागेल."

"तुटली तर तुटली. पण हात तर लावा!"

त्यांनी हात लावला. सुन्न केलं, तोंडावर रबराचा पडदा ताणला, दुर्बिणीतून बघत केसासारखी सुई आत सरकवत राहिल्या. थोडी आत, मागं, पुन्हा थोडी आत. मी खुर्चीचे हात इतके आवळले की ते आता माझ्या बोटांच्या मापाचे झाले असतील. आणि एकाएकी, एवढं सुन्न करूनही, ती जुनी कळ टाळूपर्यंत गेली.

"लागलं ना?" मॅडम म्हणाल्या. "लागणारच. इथंच होतं दुखणं."

हे वाक्य ऐकायला मी किती दवाखान्यांचे जिने झिजवले होते! आणि ऐकलं तेव्हा तोंडावर रबर. डोळ्यांत पाणी आलं. रागानं. दुसरं काही नाही.

सुई तुटली नाही. दाढ राहिली.

महिनाभरानं, डावीकडून कडक भाकरी चावून बघितल्यावर, मी ते फोटो घेऊन औरंगपुऱ्यात गेलो. शिव्यांची अख्खी जत्रा तयार ठेवली होती. डॉक्टरनं चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं. "काका, हे फार क्वचित सापडतं हो."

"तुम्हाला क्वचित. मला रोज होतं ते."

त्यानं फोटो पाकिटात घालून परत दिले, मग विचारलं, "आता दुखतं का?"

"नाही," मी म्हणालो.

तेवढं मात्र त्यानं लगेच खरं मानलं.