काचेच्या कडेचं नाव

अकोल्याच्या जुन्या बसस्टँडमागं ‘वर्षाली रेडियम’ नावाचं दुकान आहे. गाड्यांवर विनाइलची रंगीत अक्षरं नि चित्रं चिकटवतात, त्याला वऱ्हाडात सगळे रेडियमच म्हणतात. ते चमकतं की नाही, कोण बघायला जातं! पाण्याचे कॅन पोचवणारी, पाववाल्याची, कुरिअरची, पोरं कोंबून शाळेत नेणारी, अशी कुठलीही व्हॅन कधी ना कधी या दुकानापुढं येऊन उभी राहतेच. मालकाचं नाव धर्मेंद्र. तो आत बसून कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवतो आणि मशीनवर कापतो. बाहेर गाडीशी झटते ती त्याची बायको वर्षाली. सदतीस-अडतिशीची, उंच, हडकुळी, आणि ओठांत विनाइलखालचे बुडबुडे फोडायची टाचणी धरलेली. त्यामुळं बोलणं कमी. तसंही तिचं बोलणं कमीच.

सपाट पत्र्यावर कोणीही चिकटवतो. खरी परीक्षा काचेच्या कडेला. तिथं काळं रबर असतं आणि रबरावर विनाइल टिकत नाही. ते उन्हात फुगतं, थंडीत आकसतं आणि वर चिकटवलेलं हळूच झटकून टाकतं, सुनेनं सासूचा सल्ला झटकावा तसं. बरं, रबरापाशी कापून सोडून द्यावं तर महिन्याभरात कडेत धूळ शिरते आणि विनाइल पापडासारखं वळतं. वर्षालीनं यावर आपला उपाय काढला. परकराची जुनी नाडी साबणाच्या पाण्यात भिजवायची, काचेभोवती रबराच्या ओठाखाली सारत न्यायची, म्हणजे ओठ उचलून राहतो. मग विनाइलची कड आत सरकवायची, पट्टीनं दाबायची, नाडी ओढून घ्यायची. रबर आपसूक कडेवर बसतं. आजूबाजूचे गॅरेजवाले म्हणतात, ‘‘साऱ्या अकोल्याच्या गाड्या वर्षालीबाईच्या नाडीवर चालून राहिल्या.’’ हसोत बापडे. तिनं लावलेली कड सुटल्याचं कुणी सांगावं!

पण वर्षाली हे तिचं नाव नव्हे.

ती अमरावतीच्या भगवंत माळ्याची पोरगी. शहराबाहेर फुलांचा मळा, राजापेठेत फुलांचं दुकान. भगवंताची आई तानुबाई गेली, त्याच वर्षी ही झाली, म्हणून हिचंही नाव तानुबाई. आता घरात अडचण अशी की आई पार्बताबाई सासूचं नाव घेणार कशी? ती आपली ‘बाई’ म्हणायची. शाळेत पोरी ‘म्हातारी आली, म्हातारी आली’ करायच्या. तेरा वर्षांनी भाऊ झाला, श्रावण. त्याला बोलता आलं ते ‘ताई’. राहता राहिला बाप. मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाहून तो हाक मारायचा, ‘‘तानूऽऽ!’’ शेवंती तोडणाऱ्या बायका लगेच हात धुवायच्या, कारण त्या हाकेचा अर्थ चहाची किटली निघाली.

ती एकोणीस वर्षांची असताना भगवंतानं जुनी व्हॅन घेतली, अकोल्याच्या बाजारात फुलं न्यायला. लेकरांच्या नावाशिवाय गाडी रस्त्यावर काढणं त्याच्या मनाला पटेना. समोरच्या काचेवर ‘चि. श्रावण’ झालं, ते उन्हानं दोन वर्षांत उडालं. डाव्या बाजूला, मागच्या खिडकीच्या काचेला लागून, लाल अक्षरांत ‘कु. तानुबाई’. ‘कु.’ बारीक, नाव ठळक. हे काम केलं अकोल्यातल्याच एका रेडियमवाल्या पोरानं, म्हणजे धर्मेंद्रनं. त्याची आई माणिकबाई दुकानात वाटाणे सोलत बसली होती. तिनं ते ‘कु.’ वाचलं आणि तिथल्या तिथं भगवंताला विचारलं, ‘‘पोरगी लग्नाची हाय का?’’ लग्नं याहून वाईट कारणांनी जुळतात.

लग्न झालं आणि नाव गेलं. माणिकबाईच्या सासूचंही नाव तानुबाईच होतं, आणि त्या सासूनं माणिकबाईला आयुष्यभर छळलं होतं. ‘‘ते नाव मी या घरात परत काढनार नाई,’’ ती म्हणाली. मग ताटात तांदूळ पसरले, धर्मेंद्रनं अंगठीनं ‘वर्षाली’ लिहिलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरीला कुणी विचारलं नाही. ती ताटाकडं बघत असतानाच कुणीतरी बाईनं तांदूळ गोळा करून डब्यात भरले.

धर्मेंद्र वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. तो वाईट नव्हता. पहिल्या दिवाळीला त्यानं दुकानाची पाटी बदलून बायकोचं नाव दिलं, तेही तिला न सांगता, खुशीनं. नवऱ्यानं हौसेनं पाटीवर लावलेलं नाव माझं नव्हे, हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? तेव्हापासून प्रत्येक गाडीच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव बारीक अक्षरांत ती स्वतः चिकटवते. शहरभर वर्षाली फिरत असते.

बाजाराच्या दिवशी फुलं विकून झाली की भगवंत दुकानापाशी थांबायचा. माणिकबाईसमोर शिस्तीत विचारायचा, ‘‘काय वर्षालीबाई, बऱ्या हाय ना?’’ ओंजळभर शेवंती द्यायचा, चहा प्यायचा. गाडी सुरू केली की खिडकीतून डोकं काढून हळूच म्हणायचा, ‘‘येतो मंग, तानू.’’ आणि व्हॅन निघायची. वळणापर्यंत डाव्या अंगाचं लाल नाव दिसत राहायचं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती मागची काच फुटली. बडनेऱ्याच्या कुठल्याशा मेकॅनिकनं ट्रकचं जाड रबर बसवून दिलं, त्याखाली ‘कु.’ झाकलं गेलं. भगवंत हसून म्हणाला, ‘‘तुहं लगन झालं, अन् ‘कु.’ गेलं रबराखाली. हिशोब बरोबर झाला.’’

आई गेली. मग तीन वर्षांपूर्वी भगवंत गेला. वारसांत नाव लागलं तेही आधारकार्डावरचं, वर्षाली. त्यानंतर तानू म्हणणारं जगात कुणी उरलं नाही. नवरा ‘ऐक ना’ म्हणतो, गिऱ्हाईक ‘वर्षालीबाई’ म्हणतं, पोरं ‘आई’, भाऊ ‘ताई’. एकदा न्हाणीत तिनं स्वतःच स्वतःला हाक मारून पाहिली. हसू आलं. आपणच आपल्याला मारलेली हाक ही काय हाक झाली! मग उरली ती व्हॅन. श्रावण फुलं घेऊन आला की ती कामातून उठून मुद्दाम गाडीच्या डाव्या बाजूनं फिरून यायची. श्रावणला वाटे, ताई टायर बघते.

यंदा दिवाळी झाली आणि लगीनसराईच्या आधी श्रावण नव्या बायकोला घेऊन आला. आचल, धामणगाव रेल्वेची, बीकॉम झालेली, हाताला चपळ, तोंडाला त्याहून चपळ. मांडवात फुलांची सजावट करायचा धंदा तिनंच काढायला लावला होता. सगळी व्हॅन हिरव्या-पांढऱ्या विनाइलनं मढवायची आणि वर लिहायचं, ‘आचल फ्लॉवर डेकोरेशन’.

‘‘नाव नाई बदललं तुहं?’’ वर्षालीनं सहज विचारलं.

‘‘माह्यं? अवो ताई, मी आधीच सांगतलं, नाव बदलाचं असन तं मी नवराच बदलतो!’’

सगळे हसले. वर्षालीही हसली. ओठातली टाचणी पडली, ती शोधायला खाली वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

‘‘जुनं सारं काढून टाका ताई,’’ श्रावण म्हणाला. ‘‘पर थांबा.’’ त्यानं पिशवीतून नारळ काढला, अगरबत्ती काढली. ‘‘आजीच्या नावाची गाडी हाय. पाया पडल्याशिवाय कसं काढाव?’’

वर्षाली गरम हवेची गन हातात धरून उभीच राहिली. राजापेठेच्या दुकानात तानुबाई आजीचा हार घातलेला फोटो आहे, आणि बाहेर उभ्या गाडीवर तेच नाव. ताई सासरी गेली तेव्हा श्रावण सहा-सात वर्षांचा, पुढं तो त्या दोहोंच्या मधेच वाढला. ही गाडी आजीची, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि नाही असंही कुणी सांगितलं नव्हतं.

दारात आलेल्या धर्मेंद्रनं तोंड उघडलं. वर्षालीनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं ते मिटलं.

श्रावणनं अक्षरांना कुंकू लावलं, नारळ फोडला. ‘‘आजी, माफ करजो व. धंद्यासाठी करून राहिलो.’’ आचलनं पदर घेऊन नमस्कार केला आणि म्हणाली, ‘‘ताई, तुमी बी पडा ना पाया. तुमची बी आजीच.’’

आणि वर्षाली पडली! स्वतःच्याच नावाच्या पाया पडली. एका वाक्याचं काम होतं: अरे येड्या, हे माझं नाव. पण नाही. तिला ते सांगून नको होतं. भावाला आपसूक आठवायला हवं होतं. माणसं अशी बसतात वाट बघत, आणि ज्यानं आठवायचं तो बिचारा अगरबत्ती विझू नये म्हणून हाताचा आडोसा करत असतो.

लाल विनाइल वाळून कडक झालं होतं. गरम हवा दिली तरी सलग निघेना, टवके निघत. असलं काम ती नखानं ओरबाडून संपवते, पण आज ती एकेक टवका पट्टीनं उचलत होती. नाव निघालं आणि तिथला पत्रा आजूबाजूच्या उन्हानं पिवळ्या पडलेल्या रंगाहून पांढरा दिसू लागला. पांढऱ्यात पुन्हा तेच, ‘तानुबाई’.

‘‘अवो, दिसूनच राहिलं अजून!’’ श्रावण ओरडला.

‘‘दिसू दे. वरून हिरवं आलं की झाकन.’’

दुपारपर्यंत सगळा पत्रा धुऊन पुसून झाला. मग ती मागच्या काचेपाशी आली. नाडी भिजवली, रबराखाली सारायला लागली. जाड रबर, हट्टी, कुठं कुठं पत्र्याला चिकटून बसलेलं. एका ठिकाणी ओठ उचलला आणि आत लाल दिसलं. बोटाच्या पेराएवढं ‘कु.’. ऊन न लागलेलं, धूळ न लागलेलं, आत्ताच मशीनवर कापल्यासारखं लालभडक.

ते तिथं आहे हे तिला ठाऊक होतं. इतकं ताजं असेल हे ठाऊक नव्हतं. हिरव्याची कड हातात तयार होती. आत सरकवली की झालं, कुणाला कळणारही नव्हतं. तिनं कड सरकवायला घेतली, आणि हात पुढं जाईना. बापानं गाडीवर हे लावलं तेव्हा तिच्यासाठी लावलं होतं, आजीसाठी नव्हे. तेवढं तरी कुणीतरी तिच्यासोबत वाचायला हवं होतं.

तिनं तोंडातली टाचणी काढून पदराला टोचली. ‘‘श्रावण, इकडे ये.’’

‘‘काय झालं? गंज हाय का?’’

‘‘वाच.’’

श्रावण वाकला. ‘‘कु.,’’ त्यानं वाचलं. मग पुढचं पांढरं वाचलं. ‘‘कु. तानुबाई.’’ सरळ झाला, डोकं खाजवलं. ‘‘आजीले कुमारी काहून लिवलं बाबानं?’’

आचल मात्र गाडीकडं बघत नव्हती. ती वर्षालीकडं बघत होती. ‘‘थांबा ना जरा,’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘ताई, हे तुमचं नाव?’’

‘‘मीच लावलं होतं ते,’’ दारातून धर्मेंद्र बोलला. सकाळपासून त्याला ते आवरत नव्हतं. ‘‘अन् मीच बदललं.’’

श्रावण रंगाच्या डब्यावर बसला. ‘‘मंग मले पाया कायले पडू देल्लं?’’

‘‘पडत होता, चांगला दिसत होता.’’

‘‘मले कोनी सांगतलंच नाई, ताई.’’

‘‘कोन सांगन? सांगनारा गेला.’’

आचलनं लगेच निकाल दिला. ‘‘हे नाव राहू द्या. माह्यं त्या बाजूनं लावा.’’

‘‘लावू ना,’’ श्रावण उठला. ‘‘नवीन कापून देतील भाऊजी. तानुबाई, मोठ्या अक्षरात.’’

वर्षालीनं मान हलवली. ‘‘गाडी तुमची, धंदा तुमचा. तानुबाईले लग्नाच्या फुलांची ऑर्डर कोन देईन? आचलचंच लागू दे. पोरीच्या नावाची गाडी आपल्या घरी चालते, एवढं पुरे.’’ तिनं पट्टी खाली ठेवली. ‘‘मले कवा कवा त्या नावानं हाक मारत जा. बस.’’

‘‘नावानं? मोठ्या बहिनीले?’’

‘‘पुढं ताई लाव. जीभ नाई झडत.’’

श्रावणनं तोंड उघडलं. ‘‘ता...’’ म्हणाला आणि लाजून हसला. ‘‘नाई व, मले कसंतरीच होते.’’

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली आणि कामाला लागली.

‘कु.’ तिनं काढलं नाही. हिरव्याची कड त्यावरून आत सरकवली, दाबली, नाडी ओढली. रबर बसलं. संध्याकाळी गाडी झकास दिसत होती, कुठं सुरकुती नाही, कुठं बुडबुडा नाही. कोपऱ्यात दुकानाचं नाव लावायची वेळ आली तेव्हा धर्मेंद्र जवळ आला. ‘‘ऐक ना. कोनतं कापू?’’

‘‘दुकानाचंच. दुकान वर्षालीचंच हाय.’’

श्रावण-आचल निघाले. वर्षाली टवके, कागद, कापलेल्या कडा गोळा करत होती. मग तिनं नाडी बादलीत बुडवली आणि पिळायला घेतली. व्हॅन सुरू झाली. ‘‘तानूताई, येतो व!’’ आचलचा आवाज आला.

वर्षाली नाडी पिळत राहिली.

‘‘अवो, तुले हाक मारून राहिले,’’ धर्मेंद्र म्हणाला.

‘‘मले?’’

तेवढ्यात दुसरी हाक आली. या वेळी श्रावण होता. लाज मोडायची म्हणून त्यानं सगळा दम एकदम लावला असावा, आवाज फाटला आणि लांबला, मळ्याच्या पार त्या टोकाहून यावा तसा. ‘‘तानूऽऽताई!’’

‘‘ओऽ!’’ ती उठली, ओली नाडी हातात धरून रस्त्यापर्यंत धावली. चहावाल्यानं वळून पाहिलं. हिरवी व्हॅन वळणावर पोचली होती, लाल काही दिसत नव्हतं. गाडी आड झाली तरी ती म्हणाली, पुन्हा एकदा, जरा हळू, ‘‘ओ.’’