लाडात वाढलेल्या अळ्या

पिवळा उजेड. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर बरण्या, आणि हजारो तोंडं एकदम खात असल्याची बारीक कुरकुर. मधोमध स्टुलावर कवुथा, हातात मऊ कुंचला. मचाकोसच्या टेकड्यांखालच्या त्या संशोधन केंद्रात तिचा प्रवेश रोज सकाळी सातला. सव्वीस वर्षांत तो एकदाही चुकला नाही.

मक्याचा खोडकिडा वाढवायचा, हे तिचं काम. घेवड्याचं पीठ आणि मक्याच्या पानांची भुकटी शिजवून ती अळ्यांना भरवी. बाहेर दुहेरी कुंपणाआड नवा मका होता. किड्याला मारणारा गुण शास्त्रज्ञांनी त्याच्या जनुकांतच घातला होता. तो पारखायला कवुथा एकेका पोंग्यात, कोवळ्या पानांच्या सुरळीत, दहा-दहा अळ्या सोडी. नव्या मक्यावर त्या पाच दिवसांत काळ्या पडत. शेजारच्या साध्या मक्याच्या पानांची चाळण होई.

गावात शिरली की बायका म्हणत, "अळ्यांची आई आली, भांडी झाका."

"हिची पोरं रोज शिजवलेलं खातात," धाकटी बहीण म्वेनी म्हणे.

"आणि तुझ्यासारखी ताटात टाकत नाहीत," कवुथा म्हणे.

केंद्राचा एक नियम होता. दरवर्षी रानातल्या अळ्या पकडून आणायच्या आणि त्यांचे पतंग झाले की बरणीतल्यांशी त्यांचं लग्न लावायचं. नाहीतर शिजवलेलं खाऊन पिढ्या मऊ पडतात. पण जीप बंद पडली आणि चार वर्षं कोणी रानात गेलंच नाही. पतंग नीट उडत नाहीत, अळ्या फिकट होतात, हे कवुथाला दिसत होतं. बोलावं तर चाचणी थांबणार. लहानपणी आईचं अख्खं शेत किड्याने पोखरलेलं तिने पाहिलं होतं. हा मका पास व्हावा असं तिच्याइतकं कोणालाच वाटत नव्हतं. ती गप्प राहिली.

मका पास झाला. बियाणं गावोगाव आलं. म्वेनीचं जुनं बियाणं, चुलीवर धुरात टांगलेली कणसं, तिला उतरवायची नव्हती.

"राहू दे की अक्का. अर्ध्या रानात जुनं पेरते."

"उतरव आणि शिजव. मी माझ्या हातांनी हजारो मारल्यात. एकही वाचली नाही."

कणसं शिजली. दोघी पोटभर जेवल्या.

पेरणीनंतर दुसऱ्या महिन्यात म्वेनीने नव्या मक्याचं ताट उभं चिरलं. आत गाभा नव्हता, नुसता भुसा, आणि त्यात एक काळपट, जाडजूड अळी. कवुथाने ती तळहातावर घेतली. अळीने कातडीला असा चावा घेतला की कवुथाचा हात झटकला गेला. बरणीतल्या एकीलाही कधी असं चावता आलं नव्हतं.

केंद्राचे प्रमुख डॉक्टर क्यालो यांच्या टेबलावर तिने ती डबीत ठेवली.

"रानातल्या कधी मिसळल्या होत्या, माय?"

"मका पास झाला त्याच्या चार वर्षं आधी."

"वहीत तर दरवर्षीचं लिहिलंय."

"वही तुम्ही भरता, डॉक्टर. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही."

क्यालोंनी झाकण उघडून अळी पाहिली. मग म्हणाले, "आता कोणाला सांगणार? बियाणं तीन जिल्ह्यांत गेलंय." आणि डबीचं झाकण लावलं.

ती बहिणीच्या शेतावर परतली. म्वेनी आडवी झालेली ताटं गाईंसाठी ओढून ढीग करत होती. कवुथाने सगळं सांगितलं, जीप, मऊ अळ्या, स्वतःचं गप्प राहणं. म्वेनीचे हात थांबले नाहीत. ओळ संपल्यावर ती म्हणाली, "चुलीवर आता काही नाही. पुढच्या पावसाला काय पेरू, अक्का?"

कवुथा खाली वाकली, एक ताट उचलून ढिगावर ठेवलं.

"मला विचारू नकोस. माझं ऐकून एकदा पेरलंस."